लाल दोऱ्याचा कुकर

माझ्या मुलीला हे माहीत नाही. तिचे वडील गेले, त्यांनाही माहीत नव्हतं. इथे लंडनला, वेम्बलीत ज्या बायकांबरोबर मी रोज उठते-बसते, त्यांतल्या एकीलाही नाही. देवापुढे बसले तरी मी हे मनात येऊ देत नाही — दुसरंच काहीतरी मागते आणि पटकन उठते. आज वहीत लिहिते आहे, तेही दार लावून. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे. तुम्हाला वाचायला त्रास झाला तर सोसा.

कुठून सुरू करू? कुकरपासून करते. माझ्याकडे पाच लिटरचा एक कुकर आहे. त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला आहे. इथल्या बायकांना वाटतं, नजर लागू नये म्हणून बांधलाय. मी त्यांना तसं वाटू देते. हेही खोटंच, पण लहान. मोठ्यापर्यंत यायला मला जरा वेळ लागेल.

आम्ही लिंगायत, सोलापूरकडचे. घरात मांस कधी आलं नाही, अंडंसुद्धा नाही. सोलापूरचे एक डॉक्टर नवरा-बायको लंडनला नोकरीला आले, त्यांची पोरं सांभाळायला मी त्यांच्याबरोबर आले. पुढे ते केंब्रिजला गेले. पोरं मोठी झाली होती, मला तिकडे काम उरलं नव्हतं. तेव्हा डॉक्टरीणवहिनींनीच मला दुसरं घर बघून दिलं. लंडनच्या पश्चिमेला मोठं घर होतं, लिबियाच्या वकिलातीतल्या एका साहेबांचं. लिबिया म्हणजे आफ्रिकेत वरच्या अंगाला, समुद्र आणि वाळवंट असलेला मुसलमानांचा देश. हे मला तिथे राहायला गेल्यावर कळलं. वहिनींनी मॅडमना फोनवर आधीच सांगून टाकलं होतं, "बाई कामाची आहे, पण मांसाला हात लावणार नाही." मॅडम म्हणाल्या, चालेल, स्वयंपाकाला आमची बाई आहे. हिने भाजी चिरावी, झाडावं, पुसावं, ताटं न्यावीत.

ती स्वयंपाकाची बाई म्हणजे हलीमा. पंचावन्नच्या पुढची, अंगाने रुंद, गुडघ्यांनी हैराण. विधवा. साहेबांच्या आईपासून त्या घरात होती. माझं नाव शिवलीला. ते तिच्या जिभेला वळेना, म्हणून ती मला लैला म्हणायची. मी तिला हलीमाताई म्हणायची. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. तरी तीन वर्षांत आमचं बोलणं कधी अडलं नाही.

पहिल्याच आठवड्यात तिने मॅडमना सांगून माझ्यासाठी कुकर आणवला. शिवणाच्या डब्यातून लाल दोरा काढून त्याच्या दांड्याला बांधला आणि सगळ्या घराला बजावलं, हा लैलाचा. याच्यात दुसरं काही शिजणार नाही. ड्रायव्हरने एकदा त्यात चहाला पाणी तापवलं, तर ती त्याला तासभर बोलत होती. तिला स्वतःला तो कुकर उचलायचा झाला तर आधी लिंबाने हात घासून धुवायची. "तुझ्या देवाला माझ्या हाताचा वास यायला नको," म्हणायची. शिट्टी झाली की दचकायची आणि हसायची. "लैला, तुझा पोलीस आला बघ."

मी कधी तिच्यासाठी हात धुतले? आठवत नाही. तिने पुढे केलेली चपाती मी घ्यायची नाही, आज सोमवार आहे म्हणायची. सगळे सोमवार नव्हते ते.

तिच्याकडून मला त्या दोन देशांचं थोडंफार कळलं होतं. इंग्लंडची आणि त्यांची किती वर्षं बोलचाल नव्हती. मध्ये अशी वर्षं गेली की त्यांच्या देशात बाहेरची विमानंच उतरत नव्हती. त्यातच तिची बहीण वारली, आणि हलीमा दुसऱ्या देशात उतरून मोटारीने जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मग हळूहळू बोलणी जुळली. ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी इंग्लंडचे पंतप्रधान त्यांच्या देशात जाऊन आले होते. घरात फोन सारखा वाजायचा. मॅडम नवे पडदे लावत होत्या. हलीमा म्हणायची, "आता माझ्या भाच्या मला भेटायला इथे येतील. सरळ विमानाने."

त्याच वर्षीचा रमजान. तिकडून काही मोठी माणसं लंडनला आली होती, इथल्या सरकारातल्या लोकांशी बोलायला. साहेबांनी त्यांना आणि चार-पाच गोऱ्या साहेबांना घरी बोलावलं. सगळी मिळून अठरा माणसं. दिवस मावळला की उपास सोडायचा. आधी खजूर, दूध, मग शोरबा. शोरबा म्हणजे मटणाचं टोमॅटो घातलेलं दाट सार, वरून वाळलेला पुदिना. हलीमाने आदल्या दिवशी तिच्या खाटकाकडून मटण आणलं होतं. हलाल म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं असं नाही. दर गुरुवारी मी तिच्याबरोबर बसने त्या दुकानापर्यंत जायची आणि नाकाला पदर लावून बाहेर उभी राहायची. देवाचं नाव घेऊन कापलेलं असेल तरच ते त्यांना चालतं, आणि डुक्कर तर कसंही चालत नाही, हे तिने मला बसमध्ये बसून दहा वेळा समजावलं होतं. मी मान हलवायची. मला ते चांगलं समजलं होतं. हे लक्षात ठेवा.

आणि आणखी एक. हलीमाचा उपास, म्हणून ती चव बघायची नाही. मी मांस खात नाही, म्हणून मीही नाही. त्या स्वयंपाकघरात महिनाभर शोरब्याची चव कुणीच बघत नव्हतं. ती वासावरून मीठ सांगायची.

त्या दिवशी सकाळी साडेअकराला तिने मोठं पातेलं चढवलं आणि ड्रायव्हरबरोबर पाव आणि मिठाई आणायला गेली. जाताना लांब दांड्याचा चमचा माझ्या हातात दिला. "नुसतं ढवळत राहा. हात लावू नको, चमचा लाव. आटलं तर पाणी घाल." मी बरं म्हटलं.

गावाकडे त्याच दिवशी माझ्या मुलीला बघायला येणार होते. घरातल्या फोनवरून बोलायची परवानगी नव्हती. कोपऱ्यावर फोनची पेटी होती, माझ्याकडे कार्ड होतं. बारा वाजता मी गॅस बारीक केला आणि दहा मिनिटांत येते म्हणून गेले. पाहुणे तिकडे बसलेलेच होते. पोरगी आतल्या खोलीतून कुजबुजत होती, "आई, मुलगा बरा आहे गं, पण त्याची आत्या सारखी माझे पायच बघतेय." मी हसत होते. किती वेळ हसत होते कुणास ठाऊक. कार्ड संपलं तेव्हा फोन ठेवला.

परत आले तर जिन्यापर्यंत धूर. पातेलं काळंठिक्कर, मटण तळाला चिकटून कोळसा झालेलं.

इथपर्यंतचं कुणाच्याही हातून होतं. हलीमाला सांगितलं असतं तर ती चिडली असती, मला गाढव म्हणाली असती, आणि ड्रायव्हरला खाटकाकडे पिटाळलं असतं. वेळ होता. मग मी का नाही थांबले? भीती वाटली म्हणू? कसली? ती मला कधी मारणार नव्हती. मला फक्त तिच्यासमोर खाली मान घालून उभं राहायचं नव्हतं. एवढंच. एवढ्यासाठी.

मी लोबान पेटवला, खिडक्या उघडल्या, आणि पाच मिनिटांवरच्या मोठ्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्या फ्रिजपुढे उभी राहिले. मांसाची दोन पाकिटं उचलली, पिशवीत घातली, पळत घरी आले.

दुसरं मोठं पातेलं काढलं. पण तेवढं मटण पातेल्यात शिजायला फार वेळ लागला असता, आणि घरात लवकर शिजवणारं भांडं एकच होतं. दोरा बांधलेला असताना हात धजेना. म्हणून मी दोरा तोडला. दातांनी तोडला, गाठ घट्ट होती. मग प्लास्टिक फाडून ते गार, बुळबुळीत तुकडे मी या हातांनी माझ्या कुकरमध्ये टाकले. दोनदा लावला. शिट्ट्या होत होत्या. मोरीत ओकले, तोंड धुतलं, कांदा चिरायला घेतला. तीन वर्षं बघत होते, सगळं पाठ होतं. टोमॅटो, मसाला, बारीक शेवया, शेवटी पुदिना.

अडीच वाजता हलीमा आली. झाकण उचलून वास घेतला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "लैला, तू ढवळलंस तर वास जास्त चांगला आला." पातेलं बदललंय हे तिच्या लक्षात आलं नाही. जळकं मी मागच्या अंगणात पालथं घातलं होतं. कुकर घासून उन्हात ठेवला होता.

साडेचारच्या सुमाराला दिवस मावळला. वाट्यांचं तबक माझ्याच हातात होतं. तिकडून आलेल्यांत एक म्हातारे गृहस्थ होते, पांढरी दाढी, ओठ दिवसभराच्या उपासाने सुकलेले. त्यांनी खजूर खाल्ला, दूध घेतलं, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि माझ्या तबकातली वाटी उचलली. माझ्याकडे बघून हसले, काहीतरी म्हणाले. हलीमाने नंतर सांगितलं, ते तुला "मुली" म्हणाले. एका गोऱ्या साहेबाने दुसऱ्यांदा वाटी मागितली. आमचे साहेब उभे राहून बोलले, एका घरचं मीठ खाल्लं की परकेपण राहत नाही, असं काहीसं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दाराशी तबक छातीशी धरून उभी होते. ती माणसं किती वर्षांनी एका टेबलावर बसली होती, आणि त्या टेबलावर मी काय मांडलं होतं?

कुणाला काही झालं नाही. कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. मी रात्री आंघोळ केली, कपाळाला भस्म लावलं आणि लिंगपूजा केली. नखांत वास होता. त्याच हातांनी केली.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर कचरा काढत होता. कांद्याच्या सालींखाली त्याला त्या दुकानाचं रिकामं पाकीट सापडलं. त्याने ते वाचलं, त्यावर हलालची खूण नव्हती, आणि तो ते सरळ मॅडमकडे घेऊन गेला. मॅडमनी आम्हा दोघींना बोलावलं. पाकीट टेबलावर होतं, खाली कागद पसरून.

"हे आपल्या घरात कसं आलं?"

हलीमाने ते उलटसुलट बघितलं. तिला खरंच काही कळेना. ड्रायव्हर म्हणाला, "किचनमध्ये दोघीच होत्या. तू नाहीस तर ही." आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

त्या क्षणी मी बोलणार होते. असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. ते खरं नाही. मी गप्पच राहणार होते.

आणि हलीमा हसली. भांडण चाललेलं असताना ती हसली. "लैला? अरे, ती अंड्याच्या टरफलाला हात लावत नाही. माझ्या हातचा पाव खात नाही. ती मांस विकत आणेल?"

मॅडमसुद्धा जरा हसल्या. ड्रायव्हरने बोट खाली घेतलं. आणि मग ते हसू संपल्यावर सगळे हलीमाकडे बघायला लागले. कारण उरलं कोण? मला वाचवता वाचवता तिने स्वतःला पुढे केलं, आणि हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मी तिचा चेहरा बदलताना बघितला. आधी आश्चर्य. मग तिने कुराणाची शपथ घेतली. मग ती मॅडमच्या पायाशी बसली, ते दुखरे गुडघे टेकून.

मॅडमनी मला विचारलं, "लैला, तू काही बघितलंस?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

सगळे म्हणतात, मी लाजाळू आहे. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. लाजाळू — किती गोड शब्द आहे. त्याच्याखाली काय काय झाकता येतं.

मॅडमनी ठरवलं, ही गोष्ट या खोलीबाहेर जायची नाही. पाहुणे अजून आठवडाभर लंडनमध्ये होते. त्यांना उपासाला काय खायला घातलं ते कळलं असतं, तर साहेबांना दोन्ही देशांत तोंड दाखवता आलं नसतं. म्हणून आरडाओरडा नाही, चौकशी नाही. हलीमा आजारी आहे, घरी जाते आहे, असं सांगायचं. चौथ्या दिवशीचं विमान ठरलं. सरळ विमान. भाच्या तिला भेटायला येणार होत्या, त्याऐवजी तीच गेली. "रोजा असलेल्या माणसांना मी हे केलं असं गावात म्हणतील," एवढंच ती सामान बांधताना पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिचे कपडे घडी करून देत होते.

घड्या चांगल्या घातल्या. माझ्या घड्या नेहमीच चांगल्या असतात.

जायच्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आली. माझा कुकर ओट्यावर होता, दांडा रिकामा. चार दिवस मी दोरा बांधायचं विसरले होते. तिने बघितलं. दांड्यावरून बोट फिरवलं नाही, नुसतं बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटतं, बराच वेळ. मग तिने लिंबू कापलं, नळाखाली हात घासून धुतले, पुसले, शिवणाच्या डब्यातून लाल दोरा काढला आणि दोन गाठी मारून बांधला.

"तुटला होता," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो."

तिला कळलं होतं का? कळलं असेल तर तिने मॅडमना हाक का मारली नाही? मॅडम जिन्यातच होत्या. आणि कळलं नसेल तर इतका वेळ माझ्याकडे काय बघत होती? मी हे पुष्कळ उलगडून बघितलं. हात कुठेच पोचत नाही. ती गाडीत बसली, ड्रायव्हरने गाडी काढली.

नंतर मी त्या घरात आणखी दोन वर्षं राहिले. मॅडमचा माझ्यावर विश्वास बसला होता. कोठीची किल्ली माझ्याकडे दिली. हलीमाचं पुढे काय झालं, ते मी एकदाही विचारलं नाही. मुलीचं लग्न त्या दिवशी बघायला आलेल्या मुलाशीच झालं. त्याची आत्या अजून तिच्या पायांना नावं ठेवते.

पुढे एका शेजारणीने, तीही मुसलमान, सहज सांगितलं की परक्या देशात दुकानातलं बकऱ्याचं मटण काही जण देवाचं नाव घेऊन खातात, त्यांच्यात त्यावर मतं आहेत. मला केवढं हलकं वाटलं. दोन दिवस मी मोकळी हिंडले. पण मी केलं तेव्हा मला हे कुठे माहीत होतं? मी तर पाप आहे असं समजूनच केलं होतं.

आणि त्या पाकिटांचं मी तुम्हाला पूर्ण सांगितलेलं नाही. वर लिहिताना दोन पाकिटं म्हटलं आणि पुढे सरकले. तुमच्या लक्षात आलं असेल, नसेल. कचऱ्यात सापडलं ते एकच. दुसरं मी जळलेल्या मटणाबरोबर पिशवीत घालून रस्त्यावरच्या डब्यात टाकलं होतं.

सापडलं ते बकऱ्याचं होतं, ड्रायव्हरने वाचून दाखवलं. गडद लाल, हाडं असलेलं, हलीमा आणायची तसंच. तसं त्या फ्रिजमध्ये एकच उरलं होतं. एकाने भागणार नव्हतं. शेजारच्या रांगेत दुसरं होतं — फिकट, गुलाबीसर, एका बाजूला जाड पांढरी कातडी. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण डोळे होते. असं मांस हलीमाच्या हातात मी तीन वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. दोन पावलांवर दुकानातली मुलगी डबे लावत होती. बकऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत होतं. एक शब्द विचारायचा होता. मी ते पाकीट हातात धरून तिच्याकडे बघितलं, तिने मान वर केली, "कॅन आय हेल्प" म्हणाली. आणि मी मान खाली घालून पुढे गेले. पाकीट घेऊन.

म्हणजे मला कळलं होतं का? कळू नये म्हणूनच मी विचारलं नाही. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या वाटीत कुठल्या पाकिटातला तुकडा गेला, मला माहीत नाही. बकऱ्याचा असेल. नसेलही.

आता मी वेम्बलीत एका खोलीत राहते, दोन घरी स्वयंपाक करते. कुकर बरोबर आणला. टाकून का नाही दिला? चांगला होता. नवीन रबर घातलं की अजून दहा वर्षं जाईल. हेच खरं कारण आहे, दुसरं शोधून सापडत नाही. त्यातच मी रोज वरणभात लावते आणि जेवते. आधी घास फिरायचा तोंडात. आता फिरत नाही.

गणपतीला इथली मराठी मंडळी एक हॉल घेतात. नैवेद्य माझ्याकडेच असतो. "शिवलीलाबाईंकडेच द्या, त्यांच्याकडे सगळं शुद्ध असतं," असं डॉक्टर-इंजिनिअर लोकांच्या बायका म्हणतात, आणि मी लाजते. यंदाही म्हणाल्या. यंदाही मी पहाटे उठले, आंघोळ केली, भस्म लावलं, आणि देवाचा भात त्याच कुकरमध्ये लावला. लावायच्या आधी लिंबाने हात धुतले. दोऱ्याचा रंग गेलाय. गाठी तिच्याच आहेत, दोन्ही घट्ट आहेत.